एक्का चढतो तेव्हा

चपला इथेच काढून ठेवा. पुढे चिखल आहे, आणि आज तुम्हाला पायाची दहाही बोटं मोकळी लागणार आहेत. घड्याळ, मोबाइल, चष्मा सगळं त्या गडग्यावर ठेवा. कोणी नेणार नाही. आपण साठेक वर्षं मागे आलोय, रत्नागिरीहून कोतवड्याच्या अंगाला असलेल्या एका वाडीत.

श्रावणातली सकाळ. रात्रभर धो धो कोसळलेला पाऊस आत्ता कुठे टेकलाय. गडग्याच्या जांभ्यावर शेवाळ चढलंय, पायवाटेची तांबडी माती बोटांच्या फटींतून वर येतेय. भातखाचरांचा ओला हिरवा वास इतका दाट आहे की तोंड उघडं ठेवलंत तर जिभेवरही येईल. काल अष्टमीचा उपास झाला. रात्री देवळात भजन रंगलं आणि पखवाज थांबला तेव्हा कोंबडं आरवायला फार वेळ उरला नव्हता. डोळे चुरचुरतायत ना? ते जागरणानेही आणि चुलीच्या धुरानेही. आत तव्यावर आंबोळी फुगतेय, शेजारी शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं तयार आहे. दोनच घास खा. भरल्या पोटी थरात उभं राहता येत नाही.

तुम्ही आत्ता वीस वर्षांचे आहात. महिनाभर लावणीत वाकून पाठ दगडासारखी झालीय. कमरेला पंचा, वर उघडं अंग. देवळासमोर वाडीतले सगळे बाप्ये जमलेत. हंडी किती उंच बांधायची यावर इथे बैठक होत नाही. आंब्याची जी फांदी दोर पेलते तिथे एक टोक, देवळाच्या वाशाला दुसरं. मधोमध मडकं, त्यात दही, पोहे, लाह्या, काकडीच्या फोडी आणि एखादी हिरवी मिरची. खाली आठ जण खांद्याला खांदा लावून, त्यांच्यावर चार, आणि सगळ्यांत वर गुरवाचा धाकटा.

तुम्ही खालच्या आठांत. मान खाली घाला. शेजाऱ्याच्या दंडाभोवती हात टाका आणि त्याची कातडी नव्हे, हाड पकडा. पहिला पाय तुमच्या मांडीवर पडतो, दुसरा कमरेच्या पंच्यात, तिसरा थेट गळ्याच्या हाडावर. ओली टाच हाडावरून सरकते तेव्हा डोळ्यांसमोर पांढरं चमकतं. मडक्यापर्यंत हात पोचायच्या आतच डावीकडचा घसरतो आणि अख्खा ढीग तुमच्यावर येतो. नाकात चिखल, तोंडात चिखल, बरगडीत कुणाचा तरी गुडघा. क्षणभर कोणी बोलत नाही. मग गुरवाचा धाकटा ढिगातून डोकं वर काढून खो खो हसतो आणि सगळी वाडी हसते. मनगट सुजलंय? संध्याकाळी आंबेहळद उगाळून लेप लावतील. पुन्हा उभे राहा. दुसऱ्या खेपेला मडकं फुटतं आणि गार, आंबट दही तुमच्या पाठीच्या पन्हळीतून खाली ओघळतं.

ही फांदी लक्षात असू द्या. पुढे तिचं काम पडणार आहे.

आता ऐका. भोंगा. लांबून नाही, अगदी कानाशी. अंग आकसल्यासारखं वाटतंय का? घाबरू नका, तुम्ही सात वर्षांचे झालात. वजन वीसेक किलो. पावसाळ्यात बोट बंद म्हणून तुमचे बाबा शिमगा आटोपून वेळेत मुंबईला परतले आणि ह्या वर्षी आईला, तुम्हालाही घेऊन आले. पत्ता: लालबाग, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. आत बाबा, आई, दोन काका, एक गाववाला आणि गाववाल्याचा भाचा. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे वळकट्या कमी असल्या तरी चालतं. एक उठतो तेव्हा दुसरा त्याच उबेत आडवा होतो. सगळ्यांच्या केसांत, भुवयांत कापसाची बारीक तूस. खोलीला यंत्राच्या तेलाचा, ओल्या कपड्यांचा आणि सुकटीचा वास. रात्री गॅलरीतून पाहिलं तर गिरण्यांच्या चिमण्या दिसतात आणि रस्त्यावर ट्रामच्या रुळांवरचं पाणी चमकतं.

गुरुपौर्णिमा झाली की सराव सुरू होतो. दुसरी पाळी सुटते, घामाने निथळलेले बाप्ये हातपाय धुऊन चाळीच्या आवारात उतरतात. मधोमध एक दिवा. तुम्ही झोपलेले असता. काका खांदा हलवतात. “ऊठ रे, तुझ्याशिवाय कसं होणार?” हे वाक्य ऐकून सात वर्षांच्या पोराची छाती किती फुगते ते आता स्वतःच अनुभवा. दिवसा शाळेत शेवटच्या बाकावर बसणारे तुम्ही, रात्री साऱ्या चाळीला हवे असता. तुम्ही एक्का आहात. सगळ्यांत वरचा, एकटा उभा राहणारा.

चढा. अंगठा बाबांच्या मांडीवर, मग त्यांच्या कमरपट्ट्यात. बाबा खालच्या थरात आहेत, मान खाली, तुम्हाला त्यांचा फक्त टाळू दिसतो. “कान धरू नको, खांदा धर.” दुसऱ्या थरावर काका, त्यांच्या मानेला बिडीचा वास. तिसऱ्या थरावर भाचा, तो थरथरतोय आणि ती थरथर तुमच्या तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत येते. उभे राहा. सावकाश. हात सोडा. खाली फरसबंदी आहे, त्यावर पोतंसुद्धा अंथरलेलं नाही. दिव्याभोवती पावसाळी किडे फिरतायत आणि तुम्ही त्या किड्यांच्याही वर. वाऱ्याची झुळूक ओल्या पाठीला लागते. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आई खांबाला धरून उभी आहे. तिचा चेहरा तुमच्या चेहऱ्याच्या बरोबर समोर. ती काही बोलत नाही. तिला कोणी विचारलेलंही नाही.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीत गलका. चाळी-चाळींतून घागरी, बादल्या, पिंप भरून गॅलऱ्यांच्या कठड्यावर तयार. खाली बाप्यांचा घोळका नाचत येतो, वरून पाणी कोसळतं, कुणी गरम पाणी ओततं तर कुणी ताक. हंडीचा दोर ह्या चाळीच्या गॅलरीपासून समोरच्या चाळीच्या गॅलरीपर्यंत. मडक्याच्या गळ्यात नोटांची माळ. तुम्ही वर पोचता तेव्हा गॅलरीतल्या एका मावशीचा हात इतका जवळ असतो की ती तुमच्या कपाळावरचे केस मागे सारू शकेल. ती पाणी ओतते आणि त्याच वेळी ओरडते, “सांभाळ रे बाळा!” तुम्ही मडक्यावर मुठी आपटता. खापर मनगटाला लागतं, दही डोळ्यांत जातं, आणि खालून उठलेला ‘गोविंदा’चा गजर पायांखालून वर चढत तुमच्या कवटीत घुमतो.

आंब्याच्या फांदीची आठवण झाली ना? वाडीत उंचीचा नियम झाडाने घातला होता, इथे चाळीने. दोर बांधायला गॅलरी लागते आणि गॅलऱ्या तीन मजल्यांच्या वर नाहीत. कायदा नव्हता, कोर्ट नव्हतं, पण उंचीला डोकं होतं. म्हणून जुने गोविंदा “आमच्या वेळी नियम नव्हते” म्हणतात तेव्हा मला ते मान्य होत नाही. नियम होते. विटामातीचे होते म्हणून कोणाला दिसले नाहीत.

चला पुढे, जरा लांब उडी. २०१२, ठाणे. आता तुमचं वय पंचवीस आणि तुम्ही घेऱ्यात आहात, म्हणजे थराच्या भोवती हात वर करून उभ्या असलेल्या शेकडो माणसांत. छातीवर ढोल वाजतोय असं वाटेल, पण तो ढोल नव्हे, ध्वनिक्षेपकांची भिंत आहे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. चारी बाजूंनी अंगं चिकटलेली, ओले टी-शर्ट, रबरासारखा घामाचा वास, कुणाच्या तरी तोंडातला केळ्याचा वास. समोर मंच, मंचावर पाहुणे, कॅमेरे, बक्षिसाचे फलक. आणि वर पाहा. दोर कुठल्याच इमारतीला बांधलेला नाही. तो क्रेनला लटकतोय. क्रेनचा चालक कळ दाबेल तितका दोर वर जाईल. फांदी गेली, गॅलरी गेली, आणि त्यांच्याबरोबर जुना नियमही गेला.

जोगेश्वरीचं जय जवान पथक नऊ थर लावतंय. तुम्हाला त्यातलं काही दिसत नाही. तुम्हाला समोरच्याची पाठ दिसते. त्या पाठीचे स्नायू कातडीखाली वळवळतायत, कारण तो बेसच्या माणसाला आपल्या सगळ्या ताकदीने रेटून धरतोय आणि तुम्ही त्याला. एक लाट तुमच्या बाजूला येते, तुम्ही ती परतवता. अचानक आवाज थांबतो. हजारो माणसं एकदम गप्प होतात तेव्हा कळतं की एक्का उभा राहिला. मग स्फोट व्हावा तसा गजर. १३.३४ मीटर, म्हणजे जवळजवळ ४४ फूट. गिनीज बुकात नोंद होते. तुम्ही रडताय. शेजारचा अनोळखी माणूसही रडतोय. हा आनंद खरा आहे, तो कमी लेखून सुरक्षेची चर्चा करणाऱ्याने ह्या गर्दीत एकदा उभं राहावं.

पण थर उतरताना आणखी एक गोष्ट पाहून घ्या. हेल्मेट घातलेलं ते पोर खाली येतं, कोणीतरी त्याला खांद्यावर घेतं. त्याचे ओठ निळसर झालेत. चौथ्या मजल्याच्या उंचीवर, कठड्याशिवाय, दुसऱ्याच्या खांद्यावर ते उभं होतं, आणि त्या उंचीवर कुठल्याच मावशीचा हात पोचत नव्हता.

आता बसून घ्या. २०१४ चा ऑगस्ट, मंडळाचं कार्यालय, वर पंखा करकरतोय, खाली सतरंजी. चहाचे ग्लास फिरतायत. बालहक्क आयोगाने बारा वर्षांखालच्यांना मनाई करा म्हणून सांगितलंय आणि आता मुंबई उच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन अठरा वर्षांखालच्यांना बंदी आणि वीस फुटांची मर्यादा घातलीय. हंडीला आठवडाही उरलेला नाही. खोलीत ओल्या छत्र्यांचा वास आणि सगळे एकदम बोलतायत.

“वीस फूट म्हणजे जेमतेम चार थर. चार थर तर आमच्या चाळीतली पोरं खेळता खेळता लावतात!”

“परंपरा आहे ही. उद्या म्हणतील रंगपंचमीला पाणी नको.”

“पडतात, मान्य. पण दुचाकीवरून पडत नाहीत का?”

कोपऱ्यातला एक वयस्कर माणूस बराच वेळ गप्प होता. एके काळचा बेसचा गडी. तो मान वळवू शकत नाही, अख्खं शरीर वळवून बोलतो. “दुचाकीवरून पडणारा स्वतः चढलेला असतो. एक्का चढत नाही, आपण चढवतो.” खोली क्षणभर शांत. मग पुन्हा गलका.

पथकाच्या ट्रेनरचं म्हणणं नीट ऐका, कारण ते बाहेर कोणी ऐकत नाही. तो कागदावर थर काढून दाखवतो. एक्का वीस किलोचा असेल तर खालचे सगळे आकडे एक, आणि एक्का चाळीस किलोचा झाला की सगळेच बदलतात. त्याच्या खालचा एकटा माणूस चाळीस किलो पेलून स्थिर राहायला हवा, म्हणजे तोही दांडगा हवा, म्हणजे त्याच्या खालचे आणखी दांडगे. “वयाची अट घातली की उंची आपोआप खाली येते. फुटांची वेगळी अट कशाला?” हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं, पण मला त्यात उत्तरच दिसतं. उंचीवर इतका वाद घालायचं कारण नव्हतं. वर कोण उभं राहणार हे एकदा ठरलं की बाकीचा मनोरा स्वतःची उंची स्वतः शोधतो.

त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि थर लागले. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने अठरा वर्षं आणि वीस फूट पुन्हा लागू केले. रस्त्यावर येऊन बघा, दादरला शिडी लावून हंडी फोडतायत, निषेध म्हणून. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली, आणि चौदा वर्षांखालच्यांना घेणार नाही हे सरकारचं म्हणणं तेवढं उरलं. इतकं कळलं की पुरे, कोर्टाच्या आवारात फार वेळ उभं राहायला आपण आलेलो नाही.

त्याऐवजी जरा परदेशी जाऊन येऊ. थंडी आहे, अंगात लोकरीचं जाड स्वेटर चढवा. अमेरिका, विसाव्या शतकाची पहिली पाच-सहा वर्षं, कॉलेजचं मैदान. त्यांचा फुटबॉल हाताने खेळतात. चेंडू काखेत, आणि अकरा जण हातात हात अडकवून एक घट्ट घोळका करून समोरच्या अकरांवर तुटून पडतात. डोक्यावर धड काही नाही, फार तर मऊ चामड्याची टोपी. तुम्ही त्या घोळक्यात आहात. चिखल, गवत, गरम श्वासांची वाफ, दातांवर दात आपटल्याचा आवाज. ढीग कोसळतो, तुम्ही खाली. वाडीतल्या ढिगाखाली जसा श्वास कोंडला होता तस्साच कोंडतो. फरक एवढाच की इथे प्रतिपक्ष मुद्दाम तुमच्यावर पडलाय. ह्या मैदानांवर पोरं मरत होती. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, कारण खेळच बंद करा अशी मागणी वाढत होती. पुढच्या वर्षी नियम बदलले. घोळक्याच्या चाली आवळल्या, दोन्ही संघांमध्ये मोकळी पट्टी ठेवली आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी दिली.

जुने खेळाडू काय म्हणाले असतील ते तुम्हाला मंडळाच्या सतरंजीवर बसून आधीच ठाऊक झालंय. खेळ मिळमिळीत होणार. आज त्या खेळाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच लांबवर भिरकावलेला चेंडू येतो. सुरक्षेसाठी केलेला बदल खेळाचा चेहरा झाला. व्यावसायिक लीगने हेल्मेट सक्तीचं केलं ते १९४३ मध्ये, आणि आजही वाद थांबलेला नाही. २०२४ मध्ये त्यांनी सुरुवातीची किकच बदलली, कारण दोन्हीकडचे खेळाडू लांबून पूर्ण वेगाने धावत येऊन एकमेकांवर आदळत होते.

पण त्यांचा जो नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो प्रेक्षकांना कधी दिसतच नाही. २०११ मध्ये खेळाडूंची संघटना आणि संघमालक यांच्यात करार झाला, त्यात अंगावर पॅड चढवून एकमेकांना भिडायचे सराव अख्ख्या नियमित हंगामात चौदावर आणले. सामन्यांत नव्हे, सरावात. डोक्याला बसणारे धक्के सामन्याच्या दिवसांपेक्षा मधल्या दिवसांत साठत जातात, हे खेळाडूंना स्वतःच्या अंगावरून कळलं होतं.

ते डोक्यात ठेवून वरळीला चला. २०२३, एनएससीआयचा डोम, पहिली प्रो-गोविंदा स्पर्धा. स्वेटर काढा, इथे वातानुकूलन असलं तरी दिव्यांची धग आहे. पायांखाली जाड मॅट. टाचेने दाबून पाहा, रुतते. वर एक्क्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला फक्त त्याच एका कामावर नेमलेला माणूस. थर डगमगतो आणि बसतो. तुम्ही श्वास रोखता. खालचे मॅटवर लोळतात, आणि वरचं पोर हवेत हलकेच झुलत राहतं. प्रेक्षक ओरडतात आणि टाळ्याही वाजवतात. कोणाचाच उत्साह कमी झालेला नाही. त्याच वर्षी सरकारने पन्नास हजार गोविंदांचा विमा उतरवला, माणशी पंच्याहत्तर रुपये हप्ता. गोविंदांनी हे मागून, भांडून मिळवलंय, आणि त्यांना त्याबद्दल शाबासकी दिलीच पाहिजे.

आता मन घट्ट करा. दोन वर्षं पुढे. २०२५ च्या ऑगस्टची एक रात्र, दहिसर. हंडीला अजून काही दिवस आहेत. क्रेन नाही, मंच नाही, कॅमेरे नाहीत, पोलीस नाहीत. फक्त सराव. अकरा वर्षांचा एक मुलगा सहाव्या थरावरून पडतो आणि जातो. चौदाचा नियम तेव्हा लागू होता. त्याच हंगामात, हंडीच्या दिवशी, ठाण्यात कोकण नगर पथकाने दहा थर लावले आणि अख्खा महाराष्ट्र नाचला. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यातल्या. मी त्या एकमेकींपासून वेगळ्या करू शकत नाही.

आपण कायद्याची सगळी ताकद एका दिवसावर लावली. त्या एका दिवशी हेल्मेट तपासतात, पट्टा तपासतात, वयाचा दाखला मागतात, रुग्णवाहिका उभी करतात. पण गुरुपौर्णिमेपासून अष्टमीपर्यंतच्या ज्या रात्री आहेत, ज्यांत तुम्हाला खांदा हलवून उठवलं होतं, त्या रात्री तिथेच आहेत जिथे साठ वर्षांपूर्वी होत्या. आवार तेच, एकच दिवा, खाली फरशी. थर चुकतात ते सरावात, कारण चुकून शिकायचीच ती जागा. म्हणून सर्वांत जाड गादी तिथे हवी.

शेवटची उडी. रत्नागिरी, आत्ता. चिखलाचा नव्हे, ओल्या डांबराचा वास. मारुती मंदिराकडून येणारी शेवटची रिक्षा गेली, शाळेच्या मैदानावर पंधरा-वीस पोरं जमलीत, टी-शर्ट काढून पिळतायत. आषाढी पौर्णिमा परवाच झाली. सराव आज सुरू होतोय. तुमचं वय आता तुमचंच आहे, जितकं असेल तितकं. तुम्ही ह्या पथकाचे जुने गडी, म्हणून तुम्हाला बोलावलंय. एक बारकासा मुलगा चड्डी सावरत पुढे येतो. अंगाने हलका, डोळे चमकणारे, इतरांनी मागून ढकललेला. त्याची छाती फुगलीय. ते कसं वाटतं हे तुम्हाला माहीत आहे.

त्याला पहिल्या रात्रीच वय विचारा, हंडीच्या दिवशी नको. शाळेचा दाखला मागा. चौदा भरले नसतील तर त्याला घेऱ्यात आपल्या शेजारी उभं करा आणि हात वर कसे ठेवायचे ते शिकवा, तीही कला आहे आणि तीही चार-पाच वर्षं घेते. चौदा भरले असतील तर आधी त्याच्या आईला बोलवा. गॅलरीत उभं राहून बघायला नव्हे, समोर बसून बोलायला. मॅट भाड्याने आणायला पैसे नसतील तर बक्षिसाच्या रकमेआधी मॅटची रक्कम वर्गणीत धरा, आणि हंडीचा आयोजक दारात आला तर त्याला पहिला प्रश्न विचारा की सरावाच्या गाद्यांसाठी तू काय देतोस. पट्ट्याचा दोर धरणारा माणूस आजच नेमा. तो थरात चढणाऱ्यांइतकाच सराव करेल, रोज, पहिल्या रात्रीपासून.

पोरं वाट बघतायत. कोणीतरी “बोल बजरंगबली की” म्हणून सुरुवात केलीय. मॅट अजून आलेली नाही, टेम्पो वाटेत आहे. तोवर दोनच थर लावू द्या.